ओल्याबरोबर सुकंही कुजतं

कालचं वर्तमानपत्र रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊ शकतं आणि काल रात्री उरलेलं वरण कुंडीतल्या मातीत. वेगवेगळी असेपर्यंत दोघांनाही गिऱ्हाईक आहे. तीच दोन्ही एका काळ्या पिशवीत कोंबून, गाठ मारून रात्रभर दाराशी ठेवली की सकाळपर्यंत कागदाने वरण शोषून घेतलेलं असतं. मग त्या कागदाला कुणी रद्दी म्हणत नाही आणि त्या वरणाचं खतही होत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं असं आपण म्हणतो. बादलीत घडतं ते उलटं.

घरच्या कचऱ्याच्या वर्गीकरणाबद्दल इतकं लिहून-बोलून झालंय की ऐकणाऱ्याला ते एखाद्या परीक्षेसारखं वाटू लागतं. प्लास्टिकचे सात प्रकार, रंगीबेरंगी बादल्या, काय कशात टाकायचं याचे तक्ते. माझं मत असं की घरात नीट करण्यासारखी गोष्ट मुळात एकच आहे: सुक्याला ओल लागू द्यायची नाही. सोबत सॅनिटरी कचऱ्याची वेगळी पुडी आणि घातक वस्तूंचा एक डबा. बाकीचं वर्गीकरण फार बारीक असतं, पण ते करणारी माणसं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांना ते आपल्याहून कितीतरी चांगलं कळतं.

आधी कागदाचं पाहू. कागद म्हणजे लाकडाच्या किंवा उसाच्या चिपाडाच्या तंतूंची जाळी. कारखान्यात रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात, तंतू सुटे होतात, आणि जाळीवर पसरून पाणी निथळलं की तेच तंतू पुन्हा एकमेकांना धरून बसतात. दर फेरीत ते थोडे तुटतात, आखूड होतात. पाच-सात फेऱ्यांनंतर त्यांत धरून बसण्याची ताकद उरत नाही. म्हणून वहीच्या कागदाचा पुठ्ठा होतो, पुठ्ठ्याची वही सहसा होत नाही. या सगळ्यात तेल खोडा घालतं. लगद्यात तेल शिरलं की तंतूंची पकड बसत नाही, तयार कागदावर डाग आणि भोकं पडतात. वडापाव बांधून आणलेला कागद रद्दीत चालत नाही तो यासाठी. नुसतं पाणी तेलाइतकं वाईट नाही, पण ओला कागद बुरसतो, आणि ओल्या मालाचा भाव रद्दीवाला पाडणारच. पाण्याचे पैसे तो का देईल?

ओल्याच्या बाजूनेही हिशोब असाच आहे. आपल्या शहरांतल्या घरगुती कचऱ्यात वजनाने साधारण निम्मा भाग ओला: भाज्यांची देठं, साली, चहाचा चोथा, उष्टं-खरकटं. हा भाग वेगळा आला तर त्याचं खत किंवा गॅस करणं हे जुनं, हातखंडा तंत्र आहे. मिसळून आला तर खतात काचेचे कण, ब्लेडचे तुकडे, प्लास्टिकच्या चिंध्या आणि सेलमधले जड धातू उतरतात. काच चाळून काढता येते. खतात मुरलेला धातू कोणत्याच चाळणीत अडकत नाही. असं खत शेतकऱ्याने फुकटसुद्धा का घ्यावं?

वेगळं करायची कटकटच नको, सगळं जाळून टाकू, वीज तरी मिळेल, हा मोहही जुना. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रावर रोज ३०० टन कचरा जाळणारा प्रकल्प उभा राहिला. युरोपातल्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा, वेष्टनं भरपूर. दिल्लीचा कचरा म्हणजे साली, राख, धूळ. जळण्याजोगा कागद आणि प्लास्टिक वेचणाऱ्यांनी आधीच उचललेलं. भट्टीला हवी होती त्याच्या निम्म्याच्या आसपासच उष्णता त्यातून मिळू लागली. काही आठवड्यांतच तो बंद पडला. दुधीची साल जाळायची म्हणजे आधी तिच्यातलं पाणी उकळून घालवायचं, हा साधा हिशोब त्या यंत्राच्या खरेदीत कुणी केलेला दिसत नाही. गंमत म्हणजे तोच कचरा खत करणाऱ्या जिवाणूंना ओलसर असतो म्हणूनच आवडतो.

एकाच बादलीची सवय आपल्याला कशी लागली, याचं उत्तर बहुधा उकिरड्यात आहे. खेड्यातल्या उकिरड्यात सगळं एकत्रच जायचं: शेण, गोठ्यातलं चिपाड, चुलीतली राख, उष्टं, अंगणातला केर. वर्षभराने उपसलं की शेताला खत. वेगळं करायची गरज नव्हती, कारण न कुजणारं घरात फारसं येतच नव्हतं. पत्र्याचा डबा आला तर धान्याला लागायचा, बाटली रॉकेलला, जुनं लुगडं गोधडीला. मग घरात येणारा माल बदलला आणि सवय तीच राहिली. दुधाची पिशवी, शाम्पूची पुडी, बिस्किटांचं वेष्टन हे उकिरड्याला झेपणारं नव्हतं. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, ते शाम्पूच्या पुड्या यायच्या आधीचं.

कायदा उशिरा जागा झाला. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेतून पुढे २००० साली शहरी घनकचऱ्याचे नियम आले. २०१६ च्या नियमांनी जबाबदारी थेट घरावर टाकली: कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक असा तीन भागांत कचरा वेगळा करूनच द्यायचा. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत देवनारची कचराभूमी पेटली. तिथे १९२७ पासून कचरा पडतोय. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. तिथे ओला कचरा कुजतो तो मिथेन सोडत, आणि मिथेनला ठिणगी मिळाली की वरचं प्लास्टिक जळायला तयारच असतं. धुराचा तो लोट उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला. मिथेन पेटला नाही तरी सुटका नाही. शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे देवनारच्या आगीचं मूळ शोधत गेलं तर ते स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली पोचतं.

पण पुण्यात हा विषय कायद्याच्या कितीतरी आधी आणि भलत्याच दिशेने सुरू झाला होता. १९९३ मध्ये तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. हमाल पंचायतीचे बाबा आढाव तिच्या पाठीशी होते, आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून आलेल्या पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण यांच्यासारख्या कार्यकर्त्या. सभासद बहुतेक बायका, बहुतेक दलित समाजातल्या; पुष्कळ जणींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळानंतर शहरात आलेली. त्यांचं काम म्हणजे पहाटे कचराकुंडीत उतरायचं, कुत्र्या-डुकरांशी स्पर्धा करत कागद, काच, पत्रा वेचायचा आणि पोतं भंगारवाल्याकडे न्यायचं. त्यांच्या बोलण्यातून कार्यकर्त्यांना उमगलेली गोष्ट साधी होती: हाच माल घरातून वेगळा मिळाला तर तास कमी लागतात, हात कापत नाहीत आणि भाव दुपटीकडे जाऊ शकतो, कारण कोरडा माल चिकट मालापेक्षा महाग जातो.

वर्गीकरणाची मागणी पुण्यात अशी कष्टकऱ्यांकडून आली. स्वच्छतेच्या मोहिमा, फलक आणि शपथा नंतर आल्या. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात कचऱ्याचं वर्गीकरण कुणाच्या नागरी संस्कारांवर सोडलेलं नव्हतं. समोरच्या माणसाच्या रोजच्या कमाईशी ते बांधलेलं होतं. पंचायतीने सभासदांना ओळखपत्रं मिळवून दिली, महापालिकेने त्यांवर मान्यतेची मोहर उमटवली, आणि चोर म्हणून हाकलल्या जाणाऱ्या बाईच्या हातात शहराने दिलेला कागद आला. २००८ मध्ये याच संघटनेतून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. आज तिच्या तीन हजारांहून जास्त सभासद दारोदार जाऊन कचरा गोळा करतात. घरं दरमहा शुल्क देतात, ओला कचरा महापालिकेच्या गाडीत जातो आणि सुक्या मालाच्या विक्रीवर हक्क त्या कचरावेचकाचा. या व्यवस्थेत जी पिशवी ओली होते, तिचे पैसे एका ठरावीक माणसाच्या खिशातून जातात. हे कळल्यावर बादलीवरचा रंग लक्षात ठेवायची फारशी गरज पडत नाही.

त्या सुक्या पिशवीचं पुढे काय होतं ते वर्गीकरणाच्या शेडमध्ये पाहण्यासारखं आहे. घरात आपण ज्याला ‘सुका’ म्हणून एका शब्दात गुंडाळतो, त्याचे तिथे ढीगच्या ढीग होतात. कागदात पांढरा वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा, उरलेला मिक्स. धातूत लोखंड, पत्रा, बीड, तांबं, पितळ आणि ‘जर्मन’, म्हणजे ॲल्युमिनियम. स्टीलला चुंबक लावून बघतात. काचेत अख्खी बाटली वेगळी, कारण ती धुऊन पुन्हा भरता येते. फुटकी काच वेगळी, ती फक्त वितळवण्याच्या कामाची. काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा दर्जा घसरत नाही, तरी भंगारवाला तिच्याकडे नाखुशीने बघतो. ती जड, वाहतुकीला महाग, भाव कमी. ॲल्युमिनियमचं नेमकं उलट. बॉक्साइटपासून नवं ॲल्युमिनियम करायला लागते त्याच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत जुनं वितळवता येतं, म्हणून थंड पेयाचा चेपलेला डबा रस्त्यावर फार वेळ पडून राहत नाही.

प्लास्टिकला तर स्वतंत्र विद्या लागते. कडक की नरम, रंगीत की पारदर्शक, वाजवल्यावर कसं वाजतं, चुरगळल्यावर कसं उघडतं, कोपरा जाळल्यावर मेणासारखा वास येतो की नाकाला झोंबतो. पाण्याच्या बाटलीचं उदाहरण घ्या. बाटली पेट प्लास्टिकची आणि तिचं झाकण वेगळ्या प्लास्टिकचं. दोन्हींचा चुरा पाण्यात टाकला की झाकण तरंगतं आणि बाटली बुडते. पेट पाण्याहून जड, झाकणाचं पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन हलकं. कारखाने याच युक्तीने दोन्ही वेगळी करतात. पण पीव्हीसीसुद्धा बुडतं, पेटच्या बरोबरीने, त्यामुळे पाणी तिथे काही मदत करत नाही. आणि पेट वितळायला सुमारे २६० अंश लागतात. तितक्या उष्णतेत पीव्हीसी फुटून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. थोडंसं पीव्हीसी मिसळलं तरी पेटचा घाणा पिवळा पडतो, ठिसूळ होतो. बाटली निवडणाऱ्या बाईच्या नजरेला एवढी किंमत आहे.

वस्तूखाली बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असला की ती पुनर्वापरात जाणार, असं पुष्कळांना वाटतं. बाणांचं ते चिन्ह गॅरी अँडरसन या अमेरिकन विद्यार्थ्याने १९७० मध्ये एका स्पर्धेसाठी काढलं होतं, कागदाच्या संदर्भात. १९८८ मध्ये तिथल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने त्यासारखाच त्रिकोण घेऊन आत १ ते ७ आकडे घातले. आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो: १ म्हणजे पेट, २ म्हणजे जाड पॉलिथिन, ३ म्हणजे पीव्हीसी, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे थर्मोकोलची जात, ७ म्हणजे बाकी सगळं. ती वस्तू कुणी विकत घेणार आहे का, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. ते तुमच्या गावात कोण घेतं, कारखाना किती लांब आहे आणि कच्च्या तेलाचा भाव आज काय आहे यावर ठरतं. तेल स्वस्त झालं की नवं प्लास्टिक स्वस्त होतं आणि जुन्याला विचारत नाही कुणी. म्हणून ‘हे रिसायकल होतं का?’ हा प्रश्न पाकिटावरच्या चिन्हापेक्षा कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला विचारणं जास्त शहाणपणाचं.

काही वस्तू मात्र त्यालाही नको असतात, आणि नेमक्या त्याच वस्तू स्वतःला सज्जन म्हणवून घेतात. चहाचा कागदी कप आतून पॉलिथिनने माखलेला असतो, नाहीतर चहा गळला असता. खतात त्याचा कागद कुजतो आणि पापुद्रा उरतो. लग्नातले चंदेरी द्रोण तसलेच. पळसाची पत्रावळ बिनघोर ओल्यात जाते, पण पानाच्या पाठीला प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेल्या पत्रावळीही आता मिळतात, त्यांच्याकडे एकदा उलटून बघावं. दुकानात मिळणारी ती कापडासारखी मऊ, शिवण नसलेली पिशवी कापड नसते, पॉलिप्रॉपिलीन असते. ‘विघटनशील’ असं छापलेल्या पुष्कळ पिशव्या मक्याच्या पिष्टापासून केलेल्या प्लास्टिकच्या असतात. ते कुजतं हे खरं, पण त्याला मोठ्या प्रकल्पातली ६० अंशांच्या आसपासची उष्णता लागते, बाल्कनीतल्या कुंडीत ते कित्येक महिने तसंच पडून राहतं. आणि चुकून पेटच्या ढिगात गेलं तर तिथेही घाण करतं. थर्मोकोल म्हणजे जवळपास सगळी हवाच. टेम्पोभर नेलं तरी वजन भरत नाही, म्हणून न्यायला कुणी तयार नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये त्याच्या ताटवाट्यांवर बंदी घातली ती बरोबर होती, अंमल कसा झाला हा निराळा विषय. वेफर्सचं पाकीट आतून चमकतं, कारण प्लास्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म लेप असतो. ते थर सोडवणं परवडत नाही. असली पाकिटं गोळा झालीच तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. त्याला पुनर्वापर म्हणणं मला पटत नाही, पण नदीत जाण्यापेक्षा ते बरं. हे सगळं तरीही सुक्यातच टाकायचं, कोरडं आणि रिकामं करून. निवडणारी बाई ते बाजूला काढेल. तिने ते बाजूला काढताना त्यातून आमटी गळू नये एवढंच.

दुधाच्या पिशवीबद्दल एक लहानशी गोष्ट. पिशवी चांगल्या पॉलिथिनची असते, तिला भाव आहे. ती फोडताना आपण कोपरा कापून टाकतो आणि तो नखाएवढा त्रिकोण कुठल्याच ढिगात सापडत नाही. तो ओट्यावरून थेट मोरीत किंवा ओल्या कचऱ्यात जातो आणि पुढे खतात. कात्री पूर्ण न चालवता कोपरा पिशवीला लटकता ठेवला, पिशवी विसळून नळावर उलटी अडकवली की काम झालं. न विसळलेल्या पिशवीला दुसऱ्या दिवशी जो वास येतो, तो शेडमध्ये शेकडो पिशव्यांचा मिळून येतो.

आता सॅनिटरी पॅड आणि डायपर. २०१६ च्या नियमात एक विचित्र ओळ होती. असा कचरा कंपनीने दिलेल्या पाकिटात किंवा कागदात नीट गुंडाळावा, इथपर्यंत ठीक. पण पुढे तो सुक्या कचऱ्याच्या डब्यात ठेवावा असं म्हटलं होतं. म्हणजे जी पिशवी हाताने उघडून निवडली जाणार, नेमकी तीच. काळ्या पिशवीतली पुडी माल असेल म्हणून उघडायची आणि आत रक्ताने भिजलेलं पॅड निघायचं, हे या कामातल्या बायकांनी वर्षानुवर्षं सोसलंय. २०१३ मध्ये पुण्यातल्या कचरावेचकांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या ती बनवणाऱ्या कंपन्यांच्या पत्त्यावर परत पाठवल्या, तुमचा माल तुम्हीच सांभाळा म्हणून. लाल ठिपक्याची पद्धत याच गरजेतून आली: कागदात गुंडाळायचं, वर लाल पेनाने ठसठशीत ठिपका काढायचा, पुडी वेगळी द्यायची. ठिपका दिसला की उघडायचं नाही. कुठल्याही यंत्रापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा असा हा उपाय आहे, आणि तरी बहुसंख्य घरांत अजून होत नाही, कारण त्या पुडीबद्दल बोलायची लाज वाटते. लाज ती उघडावी लागणाऱ्या बाईची वाटायला हवी होती.

घातक वस्तूंचा डबा महिनोन्‌महिने भरत नाही, त्यामुळे तो सोपा. जुने सेल, मोबाइलच्या बॅटऱ्या, सीएफएल आणि ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे. ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो, फोडली की तो वाफेने हवेत येतो. एलईडीत पारा नसतो, पण इलेक्ट्रॉनिक भाग असतात. फुगलेली लिथियम बॅटरी सुक्या कचऱ्यात गेली आणि गाडीच्या दाबयंत्राखाली चिरडली, तर गाडीच पेटू शकते. इन्सुलिनच्या सुया झाकणाच्या जाड बाटलीत साठवून, बाटली बंद करून, सांगून द्याव्यात. मधुमेह आता घरोघरी आहे आणि सुया पातळ पिशव्यांतून बाहेर येतात.

ओल्या कचऱ्याकडे वळताना इंदूरला जावं लागतं, आणि तिथे आजच्या स्वच्छ शहराच्या आधी शंभर वर्षांमागचं इंदूर भेटतं. होळकरांच्या त्या संस्थानात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड वनस्पती-उद्योग संस्थेत खतावर काम करत होते. शेतातलं काडीकस्पट, शेण, गोठ्यातली मुतारीची माती आणि राख यांचे थर लावायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी ढीग उलथायचा. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत. १९३१ मध्ये ही पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा मुखपृष्ठावर दोन नावं होती, हॉवर्ड यांचं आणि यशवंत वाड यांचं. सेंद्रिय शेतीच्या जगभरच्या इतिहासात हॉवर्ड यांचा फोटो हमखास असतो. वाड तळटीपेत गेले. पद्धतीचं नाव मात्र ‘इंदूर पद्धत’ म्हणून राहिलं.

त्यांनी केलेला ढीग आणि आपल्या बाल्कनीतला डबा यांच्यामागचं शास्त्र एकच आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना ऊर्जेसाठी कार्बन लागतो आणि वाढीसाठी नायट्रोजन, साधारण तीसास एक या प्रमाणात. भाजीच्या सालींत नायट्रोजन जास्त, वाळक्या पानांत कार्बन जास्त. नुसत्या साली टाकल्या तर त्या बसतात, पाणी सुटतं, हवा कोंडते आणि आंबूस घाण वास येतो. घरगुती खत फसण्याचं दहापैकी नऊ वेळा हेच कारण असतं, आणि त्यावर दुकानातली कुठलीही पावडर वाळक्या पानांइतकी कामाची नाही. जेवढा ओला कचरा तेवढ्याच आकारमानाची कोरडी पानं किंवा लाकडाचा भुसा, आठवड्यातून एकदा खालीवर, आणि मुठीत दाबल्यावर जेमतेम एक-दोन थेंब सुटतील एवढी ओल. अमोनियाचा वास आला तर पानं वाढवायची, सडक्या अंड्याचा आला तर हलवून हवा द्यायची. पांढुरक्या जाड अळ्या दिसल्या तर बहुधा त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. दिसायला किळसवाण्या, कामाला मात्र फार चांगल्या. ढीग मोठा असेल तर आत ५५ ते ६५ अंशांपर्यंत उष्णता चढते आणि रोगजंतू, तणाचं बी मरतं. बाल्कनीतल्या डब्यात इतकी धग धरत नाही, म्हणून मासे-मटणाची हाडं आणि तेलकट उरलंसुरलं त्यात कमीच घालावं.

करवंटी, आंब्याची कोय, शहाळं हे कुजणारं असलं तरी घाईत कुजणारं नाही. करवंटी तर वर्षानुवर्षं तशीच राहते. कोकणात ती पाण्याच्या बंबात जळते, शहरात ती निरुपयोगी ठरते, आणि रस्तोरस्ती साठणाऱ्या शहाळ्यांना तर स्वतंत्र कापणी-यंत्रच लागतं.

वाळकी पानं ही शहरातली खरी टंचाई असावी, असं कुणाला वाटणार नाही, कारण माघ-फाल्गुनात ती रस्त्याकडेला जाळली जात असतात. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ नावाच्या नागरी उपक्रमाने ज्यांच्याकडे पानं पडतात आणि ज्यांना खतासाठी हवी असतात अशांची गाठ घालून दिली. पोतं भरून पानं एका सोसायटीतून दुसरीत जातात. इतका साधा व्यवहार सुचायला इतकी वर्षं लागावीत याचं आश्चर्य वाटतं.

आजचं इंदूर दुसऱ्या टोकाला आहे. तिथे २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्रकल्प सुरू झाला, त्या गॅसवर शहराच्या बस धावतात. तिमारपूरचं यंत्र जिथे ओल्यामुळे विझलं, तिथे हे यंत्र ओल्यावरच चालतं. पण त्याची अट कडक आहे. पाचन-टाकीत प्लास्टिक आणि काच गेली की ढवळणी अडकते, गाळ साचतो. घरोघरी वेगळा झालेला ओला कचरा इंदूरने आधी मिळवला, प्रकल्प नंतर बांधला. इतर शहरं हा क्रम उलटा लावतात आणि मग कोट्यवधींची टाकी रिकामी का, याची चौकशी नेमतात. छोट्या गावांना तर हे आणखी सोपं जायला हवं. वेंगुर्ल्यासारख्या बारा-तेरा हजार वस्तीच्या गावाने ते करून दाखवलं: कचराभूमी साफ केली, ओल्याचा गॅस, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात, आणि त्या जागेवर आता लोक बघायला येतात. भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी विकसित केलेलं ‘निसर्गऋण’ हे बायोगॅस तंत्र आणि पुण्यात आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेची घरगुती गॅसटाकी (तिला २००६ मध्ये लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला) ही दोन्ही आपल्याकडचीच. कर्वे यांचा मुद्दा असा की गॅस करणाऱ्या जिवाणूंना शेण आपण उगाच खायला घालतो. गाईने शेण टाकण्याआधीच त्यातला बराचसा सत्त्वांश काढून घेतलेला असतो, त्यापेक्षा उरलेला भात त्यांना कितीतरी जास्त मानवतो.

मोठ्या सोसायट्यांना आपला ओला कचरा आवारातच जिरवण्याचं बंधन आहे, आणि पुण्यात गांडूळखत प्रकल्प केला तर मिळकतकरात सवलतही मिळते. यातून एक नवी जमात निघाली आहे: विजेवर चालणारी, ‘२४ तासांत खत’ देणारी पेटी. कचरा आत घालायचा, गरम हवा आणि फिरणारी पाती, दुसऱ्या दिवशी खाली तपकिरी भुकटी. भुकटी दिसायला खतासारखी, वास भाजल्यासारखा. पण एका दिवसात जिवाणूंचं काम उरकत नाही. बहुतेकदा तो कचरा नुसता वाळवून दळलेला असतो. पाणी लागलं की तो पुन्हा कचराच होतो, कुंडीत तापतो आणि रोपाची मुळं जाळतो.

सोसायटीच्या बैठकीत असली पेटी विकायला कुणी आलं तर तिची तयार भुकटी मूठभर मागून घ्यावी. थोडं पाणी शिंपडून घट्ट बंद पिशवीत चार-पाच दिवस ठेवावी. उघडल्यावर पावसाळी मातीचा वास आला तर ठीक, आंबूस किंवा कुजका आला तर ती अजून कच्ची आहे. आणखी खात्री हवी असेल तर एका वाटीत ती भुकटी आणि थोडी माती, दुसरीत नुसती माती, आणि दोन्हींत सारखे मेथीचे दाणे पेरावेत. मेथी आठवडाभरात वर येते. भुकटीच्या वाटीतली मेथी उगवलीच नाही, किंवा उगवून पिवळी पडली, तर सह्या करण्याआधी विक्रेत्याला ती वाटी दाखवावी.